वीण

लग्न होऊन मी तंजावरला आले, त्याला तीन आठवडे झाले असतील. परसातल्या केळीचा घड उतरवला होता आणि घड गेलेली केळ आडवी पडली होती. आम्ही वर्ध्याची माणसं. केळी आमच्याकडे हातगाडीवरून डझनावर यायची, पिवळी होऊनच. तिला धड असतं आणि त्या धडाचंही काही करायचं असतं, हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. नव्या सुनेनं कामसू दिसावं लागतं, म्हणून मी मोठ्या उत्साहानं ते धड ओढत मागच्या दाराबाहेर टाकायला निघाले. तेवढ्यात मागून सासूबाई ओरडल्या, "अगं, वीण!"

मी जागीच थांबले. वीण? साडीची वीण कुठे उसवली की काय म्हणून स्वतःभोवती एक गिरकी घेऊन पाहिलं. साडी नीट होती. सासूबाई आल्या, माझ्या हातून ते धड काढून घेतलं आणि कोयता घेऊन त्याचे पदर सोडवायला बसल्या. वरची राठ सोपटं त्यांनी दोरीवर टाकली. ती वाळली की त्यांचे धागे निघतात, मोगरा-अबोली गुंफायला. त्याच्या आतली सोपटं शेजारच्या गाईला. त्याच्याही आत, पार शेवटी, मनगटाएवढा पांढराशुभ्र गाभा निघाला. तो त्या विळीवर चिरू लागल्या, आणि मी पहिल्यांदाच कामाकडं तोंड उघडं टाकून बघत बसले.

गाभ्याची चकती कापली की दोन तुकड्यांमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू ताणले जातात. प्रत्येक चकतीनंतर सासूबाई तर्जनी त्यावरून फिरवत आणि तंतू बोटावर गुंडाळून घेत. चकती ताकाच्या पाण्यात, तंतू बोटावर. पंधरा-वीस चकत्या झाल्या तेव्हा बोटाभोवती पांढरी, ओलसर अंगठी तयार झाली होती. ती त्यांनी अलगद काढली आणि ओट्याच्या कडेला ठेवली. मला वाटलं, ही तरी टाकतील. दुसऱ्या दिवशी ती अंगठी उन्हात वाळत होती. शुक्रवारी ती समईत वात होऊन जळत होती.

रात्री नवऱ्यानं उलगडा केला. वीण म्हणजे तमिळमध्ये वाया जाणं, फुकट जाणं. टाकून देऊ नकोस, एवढंच त्या म्हणाल्या होत्या. उच्चार अगदी आपल्या 'वीण'सारखा, तोच दीर्घ ई, तोच ण. फरक इतकाच की आपल्याकडे वीण म्हणजे धाग्यात धागा जाणं, आणि इथे वीण म्हणजे हातचं सगळं निसटून जाणं. त्या घरात पुढची तीस वर्षं मी या दोन शब्दांच्या मधोमध राहिले.

सासूबाईंना मी आत्या म्हणायची. तमिळमध्ये सासूला 'अत्तै' म्हणतात आणि वडिलांच्या बहिणीलाही 'अत्तै'च. त्यामुळे आत्या हा शब्द दोन्ही भाषांत चपखल बसला. त्यांची मराठी इथली, तंजावरची. व्यंकोजीराजांनी १६७६च्या सुमारास इथे गादी मांडली, तेव्हापासून जी माणसं या बाजूला आली त्यांनी मराठी घरात ठेवली, पण सांभाळून ठेवली असं मात्र नाही. वापरली, झिजवली, फाटली तिथे तमिळचं ठिगळ लावलं आणि पुन्हा वापरली. पुण्या-मुंबईचे पाहुणे ती ऐकून आधी हसतात, मग दोन दिवसांनी गप्प होतात, कारण त्यात त्यांच्या पणजीचे शब्द असतात. आणि हे ठिगळ एकाच बाजूचं नाही. इथल्या तमिळ घरांत वांग्याच्या एका आमटीला रसवांगी म्हणतात. त्यातली वांगी कुठून आली हे सांगायला कुठल्या पंडिताची गरज नाही.

आमच्या घरी सात गोधड्या होत्या. तंजावरात गोधडी! इथे थंडी म्हणून काही नसतंच. मार्गळी महिन्यात पहाटे जरा गार वाटतं, तेवढ्यावर लोक कानाला मफलर गुंडाळतात. तरी आत्या गोधड्या शिवत. त्यांच्या सासूनं शिवल्या, तिच्या सासूनं शिवल्या, म्हणून. पांघरायला त्या कुणाला लागत नसत. बाळंतिणीखाली, तान्ह्या बाळाखाली, उन्हात वाळवण घालायला, आणि एक खास गोधडी सासऱ्यांच्या वीणेखाली. सुती नऊवारी लुगडं विरलं की त्याचे चार पदर करायचे, मध्ये जुन्या धोतराचा थर, आणि कडेपासून आत आत जाणारा धावदोरा. दोरा विकत आणलेला मी कधी पाहिला नाही. लुगड्याच्या काठातूनच उसवून काढलेला असे. आत्या म्हणत, नवा दोरा जुन्या कापडाला कापतो, जुन्याला जुनंच सोसतं. याला शास्त्र आहे की नाही कोण जाणे. पण त्या सातांतल्या पाच गोधड्या अजून माझ्याकडे आहेत, आणि मी बाजारातून घेतलेली रजई तिसऱ्या धुण्यात गोळा झाली.

वीणेचं ऐकण्यासारखं आहे. तंजावरची वीणा फणसाच्या लाकडाची. एकाच ओंडक्यातून कोरलेली असेल तर तिला एकांड वीणा म्हणतात आणि तिचा मालक जरा ताठ चालतो. सासऱ्यांची तशी नव्हती, त्यामुळे ते साधेच चालत. वीणेचे चोवीस पडदे मेणात बसवलेले असतात. या मेणात कोळशाची पूड घातलेली असते, म्हणून ते काळं दिसतं. तंजावरचा उन्हाळा असा की माणसं वितळतात, तिथे मेणाची काय कथा. मेण सैल पडतं, पडदा केसभर सरकतो, आणि कानाला खटकायला लागतं. मग कारागीर यायचा. जुनं मेण खरवडायचा, वितळवायचा, त्यात थोडं नवं मिसळायचा आणि एकेक पडदा तार छेडून, ऐकून, पुन्हा बसवायचा. सगळी सकाळ जायची. सासरे समोर बसून ऐकत. त्या दिवशी घरात मिक्सर लावायला बंदी असे. मेण खरवडताना जमिनीवर सांडलेले बारीक तुकडे आत्या गोळा करून डबीत ठेवत, आणि त्या डबीतलं मेण गळक्या बादलीच्या भेगेत जाई.

सासऱ्यांची वीणा आणि आत्यांचं वीण. आमच्या घराचं गाणं-बजावणं हे असं होतं.

एवढं सगळं सांगितल्यावर वाचकाला वाटेल की या घरात पैशाची रास साठली असेल. म्हणून हिशेबाचं बोलते. पैसे वाचवण्यासाठी घरी भाजी लावा असं जे हल्ली उठसूट सांगतात, त्यांच्यातल्या किती जणांनी वही घालून हिशेब केलाय? मी केलाय. गच्चीवर भाजी लावायची हौस मला चाळिशीत आली. पिशव्या, लाल माती, शेणखत, निंबोळी पेंड, वर हिरवी जाळी, पाण्यासाठी वेगळी नळी. पहिल्या वर्षी साडेतीन हजार रुपये गेले आणि हाती आली चौदा वांगी, ओंजळभर टोमॅटो आणि अमाप पांढरी माशी. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. आत्या गच्चीवर येऊन सगळं बघून गेल्या, काही बोलल्या नाहीत. फक्त संध्याकाळी तांदूळ धुतलेलं पाणी घेऊन नेहमीप्रमाणे परसात गेल्या.

परसातली बाग ही बाग वाटायचीच नाही, हीच तिची युक्ती. कढीलिंबाला आंबट ताक आणि तांदळाचं धुवण. केळीला मोरीचं पाणी, पाटातून आपोआप जाणारं. घड देऊन झालेली केळ कापली की तिच्याच बुडाशी तिचं पिल्लू वाढत असतं, म्हणून रोप आणायला नको. नारळाच्या झावळ्या पडल्या की त्यांचे हीर काढून खराटा. कुठेच काही विकत आणलेलं नाही, त्यामुळे कुठेच काही बुडण्याची भीती नाही. वहीत मांडलं तर यातून महिन्याला फार मोठी रक्कम वाचत नाही. पण गच्चीवरच्या माझ्या प्रयोगात आणि या परसात फरक होता तो असा, की मी बचत करण्यासाठी आधी खर्च केला आणि आत्यांनी आधीच होतं त्याला नुसतं वळण दिलं. खरी रोख बचत झाली ती दुरुस्तीत. छत्री, कुलूप, पंखा, खुर्चीची वेताची बैठक, पाटा-वरवंटा. पाट्याला टाकी लावून देणारी बाई 'अम्मी कोत्तरदु' अशी आरोळी देत गल्लीतून जायची. वर्ध्याला आमच्याकडे टाकी लावणारी यायची ती वेगळ्या भाषेत ओरडायची, पण हेल तोच, शेवटचं अक्षर उन्हात लांबवलेलं.

मिक्सरचं तर महाभारत आहे. मधे आमचा मिक्सर बंद पडला. कंपनीच्या माणसानं उघडून पाहिलं आणि सांगितलं की हे मॉडेल आता येत नाही, आतला सगळा भाग बदलावा लागेल, त्यापेक्षा नवाच घ्या. किंमत ऐकून मी मिक्सर पिशवीत घातला आणि बाजारातल्या एका टपरीवर नेला. २०११ नंतर तमिळनाडू सरकारनं शिधापत्रिकेवर घरोघर मिक्सर, ग्राइंडर आणि पंखा फुकट वाटला. फुकट आलेली यंत्रं बिघडायला लागली तशी ती दुरुस्त करणारे हातही गल्लोगल्ली तयार झाले. सरकारी योजनेचं हे फळ कुठल्या अहवालात आलंय का माहीत नाही, मला तरी फार गोड लागलं. टपरीवरच्या मुलानं भांडं काढलं, खालची चकती बोटानं फिरवून पाहिली आणि म्हणाला, "अक्का, कपलर गेलाय." रबराची एक चकती, दात झिजलेली. साठ रुपये, दहा मिनिटं. तो मिक्सर आज सकाळीही चटणी वाटून मोकळा झालाय.

वर्ध्याहून मी तंजावरला आले. माझ्या पन्नासहून अधिक वर्षं आधी एक माणूस उलटा गेला होता. जे. सी. कुमारप्पा, जन्म तंजावरचा, ४ जानेवारी १८९२. लंडनला शिकलेला हिशेबनीस, मुंबईत पेढी, मग अमेरिकेत अर्थशास्त्र. १९२९ साली गांधीजींना भेटायला साबरमतीला गेला तो रेशमी सूट घालून. झाडाखाली एक म्हातारा सूत कातत बसलेला दिसला, म्हणून हा काठीला टेकून कातणं बघत राहिला. थोड्या वेळानं कळलं की म्हातारा म्हणजेच गांधी. मग सुटासकट शेणानं सारवलेल्या जमिनीवर बसकण मारली. पुढे १९३४ साली ग्रामोद्योग संघ निघाला आणि कुमारप्पा वर्ध्याला मगनवाडीत राहायला आले. तेलाची घाणी, हातकागद, मधमाश्या, हातसडीचे तांदूळ. रॉकेलऐवजी खायच्या उपयोगी नसलेल्या तेलावर जळणारा कंदील तिथे बनवला, त्याचं नाव मगनदीप.

शाळेत असताना वडील मला मगन संग्रहालयात घेऊन गेले होते. घाण्या आणि चरखे बघून मला अतोनात कंटाळा आला होता. काचेपलीकडे ठेवलेली वस्तू म्हणजे मेलेली वस्तू, असं माझं तेव्हाचं मत. बाहेर आल्यावर वडिलांनी ऊसाचा रस पाजला, तेवढं लक्षात राहिलं. त्याच वस्तू पुढे आत्यांच्या माजघरात मला चालत्या-बोलत्या दिसल्या, आणि तंजावरच्या माणसानं त्या वर्ध्याला काचेत का ठेवल्या, हे कळायला मला तंजावरला यावं लागलं.

कुमारप्पांचं मला सगळ्यात पटलेलं म्हणजे ते हिशेबनीसच राहिले. चरख्याची आरती त्यांनी केली नाही, त्याचं खातं मांडलं. १९४५ साली प्रसिद्ध झालेलं 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' त्यांनी तुरुंगात लिहिलं. त्यात ते दोन तऱ्हेच्या जगण्यात भेद करतात. एक साठ्यावरचं, म्हणजे कोळसा, खनिज तेल, जे उपसलं की संपतं. दुसरं प्रवाहावरचं, जे वाहत असतं आणि ज्यातून आपल्यापुरतं घ्यायचं. हा भेद कावेरीच्या खोऱ्यात जन्मलेल्या माणसालाच सुचावा असं मला उगीचच वाटतं. इथलं सगळं त्या वाहण्यावर चालतं. मेट्टूर धरणाचे दरवाजे १२ जूनला उघडायची रीत आहे. पाऊस दगा देतो त्या वर्षी तारीख हुकते आणि कुरुवैचं पीक गेलं म्हणून सगळा जिल्हा सुतकात बसतो. साठा इथे कुणाच्या हातात नाही. पाणी आलं तर पाटानं जाऊ द्यायचं आणि पुढच्याला मिळेल असं बघायचं, एवढंच.

पण या हिशेबनिसाला मला एक विचारायचं होतं. आत्यांच्या दुपारी कुठल्या खात्यात लिहायच्या? गोधडीचा एक धावदोरा घालायला दीड महिना लागायचा. चित्तिरैच्या उन्हात गच्चीवर वडाम घालायचे, पहाटे चारला उठून पीठ शिजवायचं, कावळ्यांवर डोळा ठेवून दिवसभर बसायचं. सांडग्या मिरच्या, म्हणजे इथल्या मोर मिळगाय, रोज रात्री ताकात आणि रोज सकाळी उन्हात, आठवडाभर. घरचं घरी झालं, किती पैसे वाचले, असं सासरे पाहुण्यांना कौतुकानं सांगत. वाचले ते खरेच. पण ते पैसे ज्या वेळातून आले तो वेळ कुणाचा होता हे कुणी सांगत नसे, आत्याही नाही. एकदा मी त्यांना विचारलं, की हे सगळं करायचं नसतं तर काय केलं असतं? बराच वेळ त्या वडामच्या कडा सोडवत राहिल्या. मग म्हणाल्या, "वीणा शिकले असते." आणि पुढचा वडाम उचलला.

हे ऐकल्यापासून काटकसरीचं कौतुक करताना माझी जीभ जरा अडखळते. मी वडाम घालते, पण चार घरच्या बायका आणि दोन पुरुष मिळून घालतो, आणि दुपारी आळीपाळीनं झोपतो.

आता माझ्या हातून झालेला अपराध सांगायला हवा. आमच्या घरी रसम होतं ते ईय चोंबूत. चोंबू म्हणजे आपला चंबूच. या भांड्यांच्या बाबतीत ईयम म्हणजे कथील. तांब्या-पितळेच्या भांड्याला आतून कल्हई करतात ते हेच कथील, पण हा चंबू अख्खाच कथलाचा, हातोडीनं ठोकून घडवलेला, बाहेरून चांदीसारखा आणि हाताला मऊ. त्यात उकळलेल्या रसमला जी चव येते तिच्यावर इथली माणसं तासभर बोलू शकतात. मात्र कथील २३२ अंशांना वितळतं. आत पाणी आहे तोवर भांडं पाण्याच्या उकळीच्या वर फारसं जात नाही, सुरक्षित असतं. रिकामा चंबू विस्तवावर ठेवला की संपलं. नव्या सुनेला या घरात जी पहिली सूचना मिळते ती हीच, आणि मलाही मिळाली होती, पहिल्याच आठवड्यात.

बावीस वर्षं मी ती पाळली. तेविसाव्या वर्षी, घरात फोन वाजत होता, दारात गॅसवाला उभा होता, आणि मी चिंचेचं पाणी ओतायच्या आधी चंबू शेगडीवर ठेवून दाराशी गेले. परत आले तेव्हा चंबू एका बाजूनं खाली बसला होता. आवाज नाही, वास नाही. कडेचा गोल ओठ अजून शाबूत होता आणि त्याच्याखाली भांडं चकचकीत थेंब होऊन शेगडीच्या जाळीतून गळत होतं. पाऱ्यासारखे थेंब, जमिनीवर पडले की चपटे होऊन लगेच मळकट. तो चंबू आत्यांच्या सासूचा होता.

आत्या आल्या. मी भिंतीला टेकून उभी होते. त्यांनी शेगडी बंद केली, थंड होऊ दिली, मग खाली बसून एकेक थेंब सुरीच्या टोकानं उचलला. जाळीत अडकलेले हातोडीनं ठोकून पाडले. उरलेला ओठ, गोळा, थेंब, सगळं एका फडक्यात बांधलं. "वीण नाही गं," त्या म्हणाल्या. "कथील आहे. पुन्हा चंबू होतं." पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी बसनं कुंभकोणमला गेलो. कासारानं गाठोडं तराजूत टाकलं, घट किती धरायची ती सांगितली, थोडं नवं कथील घालावं लागेल म्हणाला. पैसे पडले ते मजुरीचे आणि त्या थोड्या कथलाचे. नव्या चंबूचा आकार जुन्यासारखा नाही, पोट जरा जास्त सुटलंय. रसमला फरक पडलेला नाही.

आपल्याकडे भांडं निकामी झालं की मोडीत काढतात. इथे 'मोडीत' म्हटलं की लोकांना सरस्वती महाल ग्रंथालय आठवतं. तिथे भोसल्यांच्या दरबाराचं मोडी लिपीतलं दप्तर आहे, शेकडो गाठोडी, कुणाला काय दिलं आणि कशाला किती लागलं याचे कागद. हे दप्तर सांभाळणाऱ्या घराण्यातले सरफोजीराजे तर घरी करण्याच्या उद्योगांचे मेरुमणी. १७९९च्या तहानं राज्याचा कारभार इंग्रजांकडे गेला, हातात उरला किल्ला आणि वेळ. मग राजांनी छापखाना काढला, १८०६ साली त्यातून इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या, वाड्यात औषधं तयार करवली, डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदी चित्रांसकट ठेवल्या, ग्रंथालय वाढवलं. राज्य गेलं ते कायमचं गेलं, पण माणूस रिकामा बसला नाही. आत्यांना सरफोजींबद्दल अभिमान होता तो एवढ्याचसाठी. लढाया त्यांना कळत नसत.

शेवग्याबद्दल इथे म्हण आहे: मुरुंगै नट्टवन वेरुंगैयोडु नडप्पान. शेवगा लावणारा रिकाम्या हातानं चालेल. कुणी म्हणतात, याचा अर्थ म्हातारपणी काठी लागणार नाही, इतका शेवगा गुणकारी. कुणी म्हणतात, छे, शेवग्याचं लाकूड असं ठिसूळ की लावणाऱ्याच्या हाती शेवटी काही उरत नाही. आमच्या परसातला शेवगा दुसऱ्या अर्थाचा निघाला. १६ नोव्हेंबर २०१८च्या पहाटे गजा वादळ वेदारण्यमजवळ किनाऱ्यावर आलं. दक्षिणेला पट्टुक्कोट्टै, पेरावुरणी भागात नारळाच्या बागाच्या बागा झोपल्या, लाखांनी झाडं गेली. त्या बागांवर घरंच्या घरं चालत. त्यापुढे आमचं काय, एक शेवगा मोडला. पण आत्यांना तो सकाळी दाखवायचं माझं धाडस होईना.

त्याच वर्षी ६ डिसेंबरला नेल जयरामन गेले. शेजारच्या तिरुवारूर जिल्ह्यातले. भाताच्या जुन्या वाणांसाठी त्यांनी आयुष्य घातलं. दीडशेहून जास्त वाण गोळा केले. त्यांची रीत अशी की शेतकऱ्याला दोन किलो बियाणं फुकट द्यायचं आणि पुढच्या हंगामात त्यानं चार किलो परत आणायचं. ते पुढच्या दोघांना. या व्यवहारात पैसा कुठे दिसत नाही आणि तरी भांडवल दरवर्षी दुप्पट होतं. कुमारप्पांनी हे खातं बघितलं असतं तर खूष झाले असते.

इकडे वादळानंतर आत्यांनी मोडलेल्या शेवग्याचं ऐकलं आणि परसात खुर्ची न्यायला सांगितली. तिथे बसून त्यांनी मोडलेल्या फांद्यांतल्या मनगटाएवढ्या जाड फांद्या निवडायला लावल्या, हात-दीड हाताचे तुकडे करायला लावले. वरच्या तोंडाला शेण लिंपायचं, म्हणजे पाणी आत जाऊन कुजत नाही. खालचं तोंड तिरकं कापायचं. दोन दिवस सावलीत ठेवून मग मातीत. अकरा फांद्या झाल्या. एक आमच्याकडे लावली, दहा गल्लीत वाटल्या. पुढच्या वर्षी आत्या गेल्या. अकरांपैकी आठ फांद्या जगल्या, आणि आता मेल वीदीवरून आमच्या गल्लीत वळलात की पहिल्या घरापासूनच शेंगा लोंबताना दिसतात. आमच्या गल्लीत कुणीही शेवग्याच्या शेंगा विकत घेत नाही.

आमचं झाड यंदा फार माजलंय. आडी महिन्यात इथे पेरणी-लावणीचा हंगाम, त्याआधी छाटणी करणार आहे. फांद्या काढून सावलीत ठेवीन. तंजावरला येणं झालं तर एखादी घेऊन जा. पैसे नकोत, दोन वर्षांनी तुमच्या झाडाच्या दोन फांद्या दुसऱ्या कुणाला द्या. पिशवी मात्र घरून आणा. इथे दुकानदारही आता पिवळी कापडी पिशवी, मंजप्पै, मागतात.